शिवशिवणारे हात

बंबाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याने लिहिलेल्या एका कागदामुळे. इमारतीच्या तळमजल्यावर पाण्याची मोटार आहे. तिच्या बटणांशेजारी कित्येक वर्षं एकच पाटी होती : 'मोटार जपून वापरावी.' जपून म्हणजे कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जो तो आपापल्या परीने जपायचा आणि मोटार वर्षातून दोनदा जळायची. एका सकाळी पाटीच्या जागी पारदर्शक पिशवीत घातलेला कागद दिसला. ठळक, सरळ अक्षरात चार ओळी. 'हिरवं बटण दाबा. दहापर्यंत मोजा. पाण्याचा आवाज आला नाही तर लाल बटण दाबा. पुन्हा हिरवं दाबू नका, तिसऱ्या मजल्यावर येऊन मला सांगा.'

मोटार जळायची थांबली. मात्र बहुतेक लोक पहिल्या तीन ओळी सोडून थेट चौथीवर यायचे. तिसऱ्या मजल्यावरची घंटा दिवसातून तीन-चारदा वाजायची आणि बंब हातातला चहा तसाच ठेवून जिना उतरायचा.

"ती शेवटची ओळ खोडून टाक ना," त्याची बायको म्हणायची.

"आणि कुणी अडलं तर?"

बंब हे नाव त्याला ऑफिसात पडलं होतं. नाव ऐकून कुणाला ढेरपोट्या माणूस डोळ्यांपुढे येईल, पण हा अंगाने काडी. दुसऱ्या कंपन्यांचे संगणक अहोरात्र चालू ठेवायचं काम त्याची कंपनी करायची. कुठे काही बंद पडलं की 'आग लागली' म्हणायची तिथे पद्धत होती आणि आग लागली की याला बोलवायचे. सतरा वर्षं तो आगी विझवत होता. फोन अंघोळीला जातानाही पिशवीत गुंडाळून बरोबर न्यायचा. फोन दुसऱ्या खोलीत असला तरी त्याला खिशात थरथर जाणवायची आणि हात आपोआप तिकडे जायचा. जेवताना, बोलताना, उभा असताना हाताची बोटं कशावर तरी टकटक करत असायची. जिवाला चैन म्हणून नाही.

बदल सुरू झाला पाठदुखीमुळे. डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढायला त्या लांबलचक बोगद्यासारख्या यंत्रात झोपवलं. फोन बाहेर ठेवावा लागला. पस्तीस मिनिटं हलायचं नाही. बंब आत घामाघूम झाला. बाहेर आला तेव्हा फोनवर नऊ कॉल येऊन गेले होते आणि खाली ऑफिसातल्या ज्युनियर मुलीचा निरोप होता : 'झालं सर. तुमच्या नोंदवहीत बघून केलं.'

नोंदवही म्हणजे त्याने स्वतःसाठी लिहिलेली कामं : कोणती आग कशी विझवायची, पायरी पायरीने. ती कुणी वाचत असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. दवाखान्याच्या बाकड्यावर तो बुटाची नाडी न बांधता बराच वेळ बसून राहिला. पहिल्यांदा एक आग त्याच्याशिवाय विझली होती. त्याला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली.

त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. कुठल्याही यंत्राबरोबर आलेली पुस्तिका तो वाचत बसायचा, पेन्सिलने खुणा करायचा. "हे बघ, आधी झाकण लाव म्हणतात आणि मग आत काय घालायचं ते सांगतात." घरचे माना डोलवायचे. दोन महिन्यांनी त्याने जाहिरात पाहिली. दवाखान्यांना आणि आजाऱ्यांच्या घरी लागणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला वापराच्या पुस्तिका लिहिणारा माणूस हवा होता. बंबाचं वय त्रेचाळीस, लिहिण्याचा अनुभव एक नोंदवही आणि मोटारीवरचा एक कागद. त्याने अर्ज केला.

"लिहायचं काम?" त्याचे जुने साहेब म्हणाले. "अरे, ते रिटायर झाल्यावर करतात."

आई म्हणाली, "शाळेत निबंधाला दहात चार मिळायचे तुला. तेही बाईंच्या कृपेने."

बायकोने मात्र एवढंच विचारलं, "फोन अंघोळीला न्यावा लागणार नाही ना? मग जा."

नव्या ऑफिसात पुस्तिकांचा विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. खिडकीखाली टेबलांची रांग, भिंतीला कप्पे, कप्प्यांत यंत्रं. सगळ्यांवर एक संपादकबाई. साठीच्या आसपासच्या, केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात. आवाज कधी चढायचा नाही आणि त्यामुळेच सगळे घाबरायचे. मुलाखतीत त्यांनी स्टेपलर पुढे ठेवून सांगितलं होतं, "यात पिना कशा भरायच्या ते लिहा." बंबाने नऊ ओळी लिहिल्या. बाईंनी त्या ओळींबरहुकूम केलं आणि सगळ्या पिना जमिनीवर पडल्या. बंब झटकन वाकला, पिना गोळा केल्या आणि स्टेपलर भरून बाईंच्या हातात दिला.

"सगळ्यांच्याच पडतात," बाई म्हणाल्या. "पण उचलून कुणी देत नाही. तीन महिने बघू. मग नेमणुकीच्या कागदावर सही करायची की नाही ते मी ठरवीन."

त्याच्या वाट्याला यंत्र आलं ते गिळता न येणाऱ्या आजाऱ्याला नळीतून पातळ अन्न देणारं. शाळेच्या पाटीएवढी पेटी, समोर छोटं दार, दारामागे नळी बसवायची खाच. हे यंत्र दवाखान्यात नव्हे, घरी वापरायचं. म्हणजे पुस्तिका वाचणार कोण, तर कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी नवरा, पहिल्याच दिवशी, विचारायला कुणी नसताना. बंबाने यंत्र तीनदा खोललं आणि तीनदा जोडलं. महिन्याभरात त्याला ते तोंडपाठ झालं. पुस्तिकेच्या चौदा पायऱ्या त्याने लिहिल्या, पुन्हा लिहिल्या.

त्या विभागाची एक रीत होती. पुस्तिका छापायला जाण्याआधी तिची परीक्षा व्हायची. यंत्र कधी न पाहिलेला एक माणूस बाहेरून बोलवायचा. टेबलावर यंत्र, शेजारी पुस्तिका, अन्नाऐवजी बाटलीत साधं पाणी. त्या माणसाने वाचायचं आणि करायचं. ज्याने पुस्तिका लिहिली त्याने बाजूच्या खुर्चीत बसून पाहायचं आणि टिपणं काढायची. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, हात लावायचा नाही. बास, एवढंच.

पहिल्या परीक्षेला कोपऱ्यावरचे शिंपीकाका आले होते. हात स्थिर, वाचायची घाई नाही. एक पायरी वाचायची, चष्म्यावरून यंत्राकडे बघायचं, करायचं. आठव्या पायरीपर्यंत सगळं सुरळीत. आठवी होती, 'दार बंद करा.' काकांनी दार बंद केलं. यंत्र पी पी करायला लागलं. काकांनी दार उघडून पुन्हा बंद केलं. पी पी. दार दोन्ही कोपऱ्यांवर दाबलं की टक् वाजतं आणि मगच ते लागतं, हे बंबाला झोपेतही सांगता आलं असतं. काका तिसऱ्यांदा दार उघडत होते. बंबाचे हात शिवशिवायला लागले. काकांनी चष्मा काढला, पुसला.

टक्.

दार बंबाच्याच अंगठ्यांनी लागलं होतं. तो खुर्चीतून कधी उठला हे त्यालाही कळलं नाही.

संपादकबाईंनी हातातलं वेळ मोजायचं घड्याळ बंद केलं. "परीक्षा संपली."

"अहो, एवढंसंच तर होतं..."

"पुस्तिकेबरोबर तुम्हालाही खोक्यात घालून पाठवायचं का?"

शिंपीकाका हसले, मग बाईंचा चेहरा पाहून थांबले. त्यांना चहाला पाठवल्यावर बाई म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, पुन्हा परीक्षा. तुमचे तीन महिनेही तेव्हाच संपतात. पुन्हा हात पुढे आला तर मी सही करणार नाही. तुम्ही माणूस चांगले आहात, पण मला मदत करणारा नकोय, लिहिणारा हवाय."

आठव्या पायरीत 'दोन्ही कोपरे दाबा, टक् असा आवाज येईल' हे घालायला बंबाला दोन मिनिटं लागली. हातांचं काय करायचं ते कळेना. बसमध्ये शेजारच्या बाईला छत्री मिटता येईना, तर याने न विचारता मिटून दिली. दुकानात कुणाचं कार्ड चालेना, तर हा मागून पुढे. पहिल्या आठवड्यात त्याने स्वतःवर नजर ठेवली आणि दिवसात अकरा वेळा हात पुढे गेलेला पाहून तो चक्रावलाच.

त्यातच, दुसरा आठवडा संपता संपता, जुन्या साहेबांचा फोन आला. "बंब, बास झाला तुझा हट्ट. इथे रोज वणवा पेटतोय. तुला विभागप्रमुख करतो. तुझं टेबल अजून कुणाला दिलेलं नाही. शुक्रवारपर्यंत सांग, नाहीतर बाहेरून माणूस घ्यावा लागेल."

शुक्रवार म्हणजे तोच शुक्रवार. बंबाने घरी सांगितलं तेव्हा बायको चष्म्याच्या दुकानातून नुकतीच आली होती. ती तिथे लोकांचे डोळे तपासते.

"तुला काय करायचंय?" तिने विचारलं.

"मला ते लिहायचंय," तो म्हणाला. "पण जमतच नसेल तर? इकडची सही गेली आणि तिकडचं टेबलही गेलं, असं नको व्हायला."

"मग घरी सराव कर. आई आहेत की."

सरावाला धुलाईयंत्र घेतलं. नवं होतं आणि आईने अजून त्याला हात लावला नव्हता. बंबाने रविवारी सकाळी नऊ पायऱ्या लिहिल्या, कागद आईच्या हातात दिला आणि न्हाणीघराच्या दाराशी स्टूल टाकून बसला. दोन्ही हात मांडीखाली.

"असा काय बसलायस? फोटो काढायचाय का?" आई म्हणाली.

"आई, माझ्याशी बोलायचं नाही."

"बरं बाबा. मोठ्या परीक्षा तुमच्या." आईने कागद डोळ्यांजवळ धरला, कपडे टाकले, पावडर घातली, बटण फिरवलं. यंत्र घुर्र करून गप्प झालं. आईने पुन्हा बटण फिरवलं. पुन्हा घुर्र. तिने कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. तिने यंत्राच्या पोटावर हलकेच थोपटलं. बंबाची टाच फरशीवर टकटक करायला लागली. आई शांतपणे पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होती.

"आई, नळ! मागचा नळ उघड ना!"

आतून बायको ओरडली, "हरलास!" आणि बाहेर येऊन दाराला टेकून म्हणाली, "माझ्याकडे माणूस तिसऱ्या ओळीवर अडतो. मी हळूच अक्षर सांगितलं तर खूश होऊन जाईल तो, पण चुकीचा चष्मा घालून."

"तुझं वेगळं आहे," बंब चिडून म्हणाला. "इथे आईला त्रास होतोय, आणि मी नुसता बघत बसू?"

"मला कुठे त्रास होत होता?" आई म्हणाली. "मी वाचत होते. त्रास तुला होत होता. लहानपणीही असाच. मी सुई ओवायला बसले की माझ्या हातातून ओढून घ्यायचास. मला ओवता येत होती रे. जरा वेळ लागायचा, एवढंच."

नळ उघडायची ओळ बंबाने कागदावर सर्वांत वर घातली. त्या दिवशी दुपारी तो गॅलरीत येरझाऱ्या घालत होता, तेव्हा आई आत स्वतःच दुसरं धुणं लावत होती, आणि यंत्राचा प्रत्येक आवाज ऐकून त्याची पावलं थांबत होती. तो आत मात्र गेला नाही.

शुक्रवार उजाडला. परीक्षेला आल्या त्या टॅक्सी चालवणाऱ्या बाई. पन्नाशीच्या, दणकट, बाह्या वर सारलेल्या. येतानाच म्हणाल्या, "लवकर आटपा हं, गाडी खाली उभी आहे." बंबाने फोन बंद करून संपादकबाईंच्या खणात ठेवला. वही मांडीवर घेतली. उजव्या हातात पेन्सिल, डावा हात मांडीखाली. पहिल्या तीन पायऱ्या टॅक्सीवाल्या बाईंनी भराभर उरकल्या. चौथी होती, 'नळी खाचेत बसवा.'

बाई थांबल्या.

बंबाला कळेना, इथे थांबण्यासारखं काय आहे. शिंपीकाका इथे अडले नव्हते. नळी आहे, खाच आहे, बसवायची. बाईंनी बोट ओळीवर ठेवलं. नळी वर नेली, खाली आणली. पुन्हा बोट ओळीवर. बंबाने मान जरा लांब केली आणि तेव्हा त्याला दिसलं. दारामागे खाचा दोन होत्या. खालची खाच दवाखान्यातल्या जाड नळीच्या यंत्रासाठी असते, पेटी एकाच साच्यातली म्हणून ती इथेही आलेली, बिनकामाची. हे त्याला पहिल्या आठवड्यात कळलं होतं, आणि त्या दिवसापासून ती खाच त्याला दिसायचीच बंद झाली होती. काकांची नळी वरच्या खाचेत बसली होती ती निव्वळ नशिबाने.

बाईंनी नळी खालच्या खाचेत घातली. ती सैल राहिली आणि निसटली. पुन्हा घातली. पुन्हा निसटली. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट गेलं, मग दुसरं. संपादकबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बंबाच्या कपाळावर घाम आला. डाव्या हाताची बोटं मांडीखाली सुन्न झाली होती आणि उजवीकडची पेन्सिल कागदाला टोचत होती. फक्त 'वर' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. त्याने जीभ दातांखाली धरली.

"माझंच काहीतरी चुकतंय," टॅक्सीवाल्या बाई पुटपुटल्या. त्यांचे कान लाल झाले होते. मघाच्या दणकट आवाजाचा मागमूस नव्हता. "मला नाही हो ही कामं येत. शिकलेलं कमी आहे."

बंब त्यांच्याकडे पाहतच राहिला. सतरा वर्षांत हजारो लोक त्याच्यासमोर अडले होते, पण अडलेल्या माणसाचं तोंड असं होतं हे त्याने पाहिलं नव्हतं. त्याआधीच तो धावून जायचा. मग त्याची नजर बाईंच्या बोटावर गेली. बोट पुन्हा त्याच ओळीवर, त्याच शब्दावर आलं होतं, 'खाचेत'. त्याने वहीत लिहिलं : 'पायरी ४. बोट पाचव्यांदा त्याच शब्दावर. कोणती खाच ते सांगितलेलं नाही. स्वतःला दोष देत आहेत.' लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं की डावा हात मांडीखालून कधीच बाहेर आला आहे आणि वही धरून आहे.

आठव्या मिनिटाला बाईंनी नळी टेबलावर ठेवली. "नाही जमत. सोडून द्या."

पुस्तिका नापास झाली होती. बंब उठला आणि संपादकबाईंकडे न बघता आधी टॅक्सीवाल्या बाईंकडे गेला. "तुमचं काही चुकलं नाही. तिथे दोन खाचा आहेत आणि मी एकच लिहिली. चूक माझी आहे."

"मग मघाशी सांगायचं ना! घाम फुटला मला. भर गर्दीत गाडी बंद पडली तरी मला एवढं होत नाही." त्यांचा आवाज परत आला होता. जाताना त्यांनी दारातून पुन्हा यंत्राकडे पाहिलं. "खालची बुजवून टाका की सरळ!"

खोलीत दोघंच उरली. संपादकबाईंनी हात पुढे केला. "वही."

बंबाने वही दिली. त्याला वाटलं, त्या आता आपल्याच चुका मोठ्याने वाचून दाखवतील. बाईंनी गळ्यातला चष्मा चढवला आणि दोन्ही पानं वाचली, मग पहिलं पान पुन्हा वाचलं. टेबलाच्या कडेवर बंबाची बोटं वाजायला लागली.

"ते बंद करा," बाई वर न बघता म्हणाल्या. खणातून त्यांनी त्याच्या नेमणुकीचा कागद काढला आणि सही केली. "सोमवारी चौथी पायरी नवी लिहून आणा. खालची खाच बुजवायचं त्या म्हणाल्या ते कारखान्याला कळवा, तुमच्या नावाने. आणि हा तुमचा फोन घ्या."

फोन सुरू केला तर साहेबांचे चार कॉल. बंब जिन्यात जाऊन उभा राहिला.

"बोल, कधी येतोस?" साहेब म्हणाले.

"साहेब, मी नाही येत."

"अरे, अजून काही वाढवून हवंय का? स्पष्ट सांग."

"तसं नाही. चौथी पायरी राहिलीय माझी."

"कसली पायरी?"

बंबाने सांगायला सुरुवात केली, पण पलीकडे कुणीतरी आग लागल्याचं ओरडत आलं आणि साहेबांनी फोन ठेवला. बंबाचा पाय जिन्याच्या खालच्या पायरीवर गेला होता. सतरा वर्षांची सवय. तो काही क्षण तसाच उभा राहिला, एक पाय वर, एक खाली. मग वर आला.

त्याला आता चार वर्षं झाली. अस्वस्थपणा काही गेलेला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो अजूनही जेवत नाही, आणि हा अस्वस्थपणा गेला की लिहिणंही जाईल अशी भीती त्याला वाटते असं बायको म्हणते. संपादकबाई मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. सध्या तो कानाला लावायच्या यंत्राची पुस्तिका लिहितो आहे. तिच्या दोन परीक्षा झाल्या, दोन्हीत ती नापास झाली, आणि तिसरी येत्या बुधवारी आहे.